व्हाळ म्हणजे नाला नव्हे

परवा एका तरुण सभासदाने विचारलं, "व्हाळ आणि नाला एकच ना?" आम्ही सगळे एकदम "नाही" म्हणालो, पण का ते चटकन कुणालाच सांगता येईना.

गोव्यात नि तळकोकणात आपण व्हाळ म्हणतो, कुठे वहाळ. शब्द 'वाहणे'च्या कुळातला. पुस्तकात ओहोळ लिहितात, तो संस्कृत 'ओघ'पासून. प्राकृतात घ चा ह होतो, जसा मेघाचा मेह. नाला मात्र नळ आणि नाळ यांच्या घरचा, मूळ अर्थ पोकळ नळी. म्हणजे व्हाळाला नाव पडलं पाण्यावरून, नाल्याला खाचेवरून. कोरडा पडला तरी नाला तो नालाच!

आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की गोड्या पाण्यातले मासे अंडी घालायला व्हाळातूनच वर शेतात चढतात. तेच आपले चढणीचे मासे. गाभोळीने भरलेले, म्हणून चवीचे, आणि म्हणूनच तेव्हा पकडले तर पुढची वीण गेली. पण कागदावर एकदा 'नाला' लिहिलं की तिथे सांडपाणी सोडायला, पाईप टाकून बुजवायला कुणाला काही वाटत नाही. यापुढे संस्थेच्या प्रत्येक अर्जात आम्ही व्हाळच लिहिणार. तुमच्या वाड्यावरच्या व्हाळाला काय म्हणतात, तेही कळवा.