किण्वपेशीतील उष्णताघात प्रथिने

पावाचे पीठ फुगविणारे किण्व, म्हणजेच यीस्ट, उसाच्या मळीपासून मद्यार्क तयार करण्याच्या कामीही येते. या एकपेशीय बुरशीची वाढ २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात उत्तम होते. परंतु किण्वनाच्या क्रियेतच उष्णता निर्माण होते. आसवनीतील टाक्या थंड ठेवण्याची व्यवस्था उन्हाळ्यात अपुरी पडली, तर किण्व दुबळे होऊन मरू लागते व मळीतील साखर वाया जाते. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात या सूक्ष्म जीवाची सहनशक्ती हा म्हणूनच निव्वळ कुतूहलाचा विषय नव्हे.

प्रथिनाची साखळी विशिष्ट घडी घेतल्यावरच कार्यक्षम होते. उष्णतेने ही घडी उलगडते आणि उलगडलेल्या साखळ्यांच्या गुठळ्या होतात. उकडलेल्या अंड्यातील पांढरा बलक घट्ट होतो तो याच कारणाने. अशा वेळी पेशी जी विशेष प्रथिने तातडीने वाढविते, त्यांना उष्णताघात प्रथिने म्हणतात. या प्रतिसादाची पहिली खूण फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला फळमाशीच्या गुणसूत्रांवर दिसली व त्याने ती १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष प्रथिने १९७४ मध्ये ओळखली गेली.

किण्वावरील प्रयोग अधिक बोलका आहे. ५० अंशांत एकदम टाकलेल्या पेशी झपाट्याने मरतात. आधी काही काळ ३७ अंशांत ठेवलेल्या पेशींपैकी मात्र पुष्कळ तगतात. 'एचएसपी १०४' या एकाच प्रथिनाचे जनुक काढून टाकले, तर ही पूर्वतयारी बव्हंशी निष्फळ ठरते, असे योलांडा सांचेझ व सुसान लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये दाखवून दिले. हे प्रथिन गुठळ्या सोडवून साखळ्या मोकळ्या करते. त्यांची पुन्हा घडी बसण्यास 'एचएसपी ७०' सारखी प्रथिने साहाय्य करतात.

उष्णता वाढल्याचे जनुकांना कळते कसे? 'एचएसएफ १' हे नियामक प्रथिन तिघांच्या गटाने डीएनएवरील ठरावीक जागी बसते व उष्णताघात जनुके कार्यान्वित करते. एरवी एचएसपी ७० त्याला धरून ठेवते. प्रथिने बिघडू लागली की एचएसपी ७० त्यांच्या दुरुस्तीत गुंतते आणि नियामक मोकळा होतो. नवे एचएसपी ७० पुरेसे तयार झाले की त्याला पुन्हा आवर बसतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी या उपपत्तीला भक्कम आधार दिला. थोडक्यात, पेशी तापमानापेक्षा नुकसानीची मोजदाद करते. दुष्काळाची तीव्रता पर्जन्यमापकापेक्षा कामावर येणाऱ्या मजुरांच्या संख्येवरून कळावी, तसाच हा प्रकार होय.

'एमएसएन २' व 'एमएसएन ४' हे आणखी दोन नियामक उपासमारीसारख्या इतर संकटांतही जागे होतात. एचएसपी १०४ च्या जनुकावर त्यांचाही अंमल चालतो.

मद्यार्कही हाच प्रतिसाद जागा करतो, कारण त्यानेही प्रथिनांची हानी होते. टाकीत त्याचे प्रमाण वाढत जाते तसतसे आधी सोसवणारे तापमान किण्वाला घातक ठरू लागते; प्रारंभी चालून गेलेली दोन-चार अंशांची वाढ अखेरीस चालत नाही.