जत्रेस येताना मागे राहणारे घर

कार्तिक उजाडला की पेडणे महालात जत्रांचे दिवस सुरू होतात. दशावतारी नाटकांच्या रात्री ठरू लागतात आणि केरीतील बंद घरे एकामागून एक उघडू लागतात. मुंबईचे कुळावी येतात, पुण्याचे येतात. अमेरिका व कॅनडा येथे स्थायिक झालेली कुटुंबेही तीन-तीन आठवड्यांची रजा काढून येतात. या शेवटच्या मंडळींचे इकडचे घर उघडते तेव्हा तिकडचे घर बंद होते, आणि तेही ऐन हिवाळ्यात. त्या मागे राहिलेल्या घराविषयी या अंकी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

तेरेखोलच्या मुखाशी राहणाऱ्या आपणां लोकांस हा विषय परका वाटेल हे खरे. पारा वीस अंशांपर्यंत उतरला की आपण शाल शोधू लागतो. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की ती वर्तमानपत्रांत बातमी होते. परंतु अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात घराचा पाया किती खोल घ्यावा हे जमीन किती खोलवर गोठते यावरून ठरवितात. दक्षिण भागात ४२ इंच व उत्तर भागात ६० इंच असा तेथील नियम आहे. अशा मुलखात आपल्या एका कुळाव्याचे घर आहे. त्या घरी काही वर्षांपूर्वी जे घडले ते त्यांनीच आम्हांस जत्रेच्या रात्री सांगितले, आणि इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून छापण्यास अनुमती दिली.

त्यांच्या घराची ऊब लाकडाच्या बॉयलरवर चालते. हा बॉयलर घरात नसतो. घरापासून काही अंतरावर, अंगणात, लहानशा पत्र्याच्या खोपीसारखा तो उभा असतो. धूर, राख व आगीचे भय घराबाहेर राहावे हा त्यातील हेतू. आपल्या वाचकांस त्याची रचना समजणे अवघड नाही, कारण तो म्हणजे एक मोठा बंबच आहे. बंबात मधोमध निखारे व भोवती पाणी. यातही मध्ये लाकडाची भट्टी व भोवती पाण्याचे कवच. बंब वरून उघडा, म्हणून त्यात वाफ कोंडत नाही; बहुतेक अंगणी बॉयलरही वरच्या बाजूस हवेस खुले असतात. भेद इतकाच की बंबात पाणी घागरींनी मोजावे तर यात शेकडो लिटर मावते, आणि तापलेले पाणी बादलीने न काढता जमिनीखालून घरात नेले जाते. त्यासाठी उष्णतारोधक वेष्टनातील दोन नळ्या असतात, एक जाणारी व एक परतणारी. घरात ते पाणी एका जाळीदार यंत्रातून फिरते, आपली उष्णता घरातील हवेस देते आणि पुन्हा भट्टीकडे परतते. हे फिरणे एका विजेच्या पंपावर चालते.

आमच्या या कुळाव्यांनी निघण्याच्या दिवशी भट्टी लाकडांनी काठोकाठ भरली. मग केरीच्या घरात लहानपणापासून जे पाहिले तेच केले. आपल्याकडे घर बंद करताना घरातील वडीलधारी मंडळी काय करतात? दिवे मालवतात, विजेची मुख्य कळ खाली करतात, नळाची चावी आवळतात, न्हाणीतील भाण उपसून कोरडे करतात. काही चालू ठेवून जाणे हा आपल्याकडे निष्काळजीपणा ठरतो. त्या संस्कारानुसार त्यांनी पंप बंद केला. तीन आठवडे रिकाम्या घरात पंप घरघरत ठेवणे त्यांस उधळपट्टी वाटली. घरात गॅसची दुसरी शेगडी होती. ती घर गोठणार नाही इतपत ऊब देत राहील, हा त्यांचा हिशेब. तो हिशेब घरापुरता बरोबर होता. बॉयलर, अंगणातील नळ्या व पंप हे मात्र त्या हिशेबाबाहेर राहिले.

भट्टीत एकदा भरलेले लाकूड साधारणतः बारा तासांपासून एक दिवसापर्यंत पुरते. कडाक्याच्या थंडीत त्याहूनही कमी. आग विझल्यावर कवचातील पाणी आपली ऊब काही काळ राखते, पुढे तेही निवते. नळ्यांत पाणी होते पण ते फिरत नव्हते.

येथे पाण्याचा स्वभाव थोडा नीट पाहिला पाहिजे. बहुतेक पदार्थ थंडीने आकसतात. पाणीही ४ अंश सेल्सिअसपर्यंत आकसते. तेथून खाली मात्र ते उलट फुगू लागते, आणि बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच तळी वरून गोठतात व तळाशी मासे जगतात. तोच गुण नळीत घातक ठरतो. नळीत प्रथम एखाद्या ठिकाणी बर्फाचा बुच बसतो. तो वाढू लागला की पुढच्या पाण्यास रेटतो. पुढे तोटी बंद असेल तर त्या कोंडलेल्या पाण्यास जाण्यास वाट नाही. पूर्ण कोंडलेल्या स्थितीत शून्याखालील प्रत्येक अंशास दाब सुमारे १३० वातावरणांनी वाढू शकतो. तांबे असो वा लोखंड, साधी नळी यापुढे टिकत नाही. विशेष हे की ती बर्फाच्या जागीच फुटेल असे नाही. कैकदा ती हातभर पलीकडे, जेथे अजून पाणीच आहे अशा जागी फुटते. आणि फुटली तरी तेव्हा कळत नाही, कारण बर्फाने वाट अडविलेली असते. बर्फ वितळतो त्या दिवशी घरात पाणी शिरते.

तसेच झाले. मंडळी परत पोहोचली तेव्हा सर्व ठाकठीक दिसत होते. त्यांनी भट्टी पेटविली, पंप सुरू केला. पंप घुमला पण पाणी हलले नाही. नळ्या जमिनीतून वर येतात ती जागा, म्हणजे बॉयलरची पाठ, प्रथम गोठते. तेथेच बुच बसला होता. भट्टीतील पाणी उकळून वरून उसळू लागले. रिकाम्या भाणाखाली जाळ घालू नये हे जिला आजीने शिकविले होते त्या घरच्या गृहिणीने ते पाहून आग ओढून काढण्यास लावली, म्हणून मोठा अनर्थ टळला. हवेस खुले असलेले तोंडही जर बर्फाने बंद झाले असते तर वाफेचा कोंडमारा काय करील हे सांगता येत नाही. पुढे चार दिवसांनी बर्फ वितळला तेव्हा पंपाजवळचा सांधा फुटल्याचे दिसले, आणि तळघरात ठेवलेली पुस्तके व कपडे भिजून गेले. त्यात वडिलांच्या हातची एक जुनी वही होती. यंत्र दुरुस्त झाले, पण वही गेली.

मग निघताना करावयाचे काय? वाटा दोनच आहेत: पाणी फिरते ठेवावे, अथवा पाणी ठेवूच नये. यांच्या मधली स्थिती, म्हणजे पाणी भरलेले आणि स्थिर, तीच घात करते.

दोन-चार आठवड्यांच्या जत्रेच्या फेरीस पहिली वाट बरी असे आमचे मत आहे. भट्टी विझली तरी पंप अखंड चालू ठेवावा. घरात गॅस, तेल वा विजेची दुसरी शेगडी चालू असेल, आणि जाळीदार यंत्र तिच्या गरम हवेच्या वाटेवर बसविलेले असेल, तर घरातील ऊबच उलट दिशेने पाण्यात शिरते व नळ्यांवाटे अंगणातील बॉयलरपर्यंत पोहोचते. एरवी बॉयलर घरास तापवितो, तेव्हा घर बॉयलरास राखते. यात इंधन अधिक जळते, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. पंप तापमान पाहून आपोआप थांबणारा असेल तर ती सोय निघण्यापूर्वी काढून तो सतत फिरेल असे करावे. जमिनीतील वेष्टनात पाणी शिरले असल्यास उष्णता मातीत जाते. बॉयलरपासून घरापर्यंत बर्फ वितळलेला पट्टा अंगणात दिसू लागला तर वेष्टन भिजले असे समजावे, आणि ती दुरुस्ती उन्हाळ्यातच उरकावी.

दुसरी वाट दीर्घ अनुपस्थितीची. नुसती खालची चावी उघडून पाणी सोडणे येथे पुरत नाही. जमिनीतील नळ्यांस उतार नसतो. पोटात पाणी राहतेच. ते दाबाच्या हवेने फुंकून काढावे लागते, आणि पंपात व जाळीत अडकलेलेही विसरून चालत नाही. शिवाय ओले लोखंडी कवच हवेस लागले की गंजते, म्हणून बॉयलर रिकामा ठेवणे असेल तर पूर्ण कोरडा करावा लागतो. हे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे.

पाण्यात ग्लायकॉल मिसळण्याचा उपाय पुष्कळांस ठाऊक असतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल निम्म्यास निम्मे मिसळले तर मिश्रण शून्याखाली सुमारे ३४ अंशांपर्यंत गोठत नाही. तीस टक्के मिसळले तर सुमारे १३ अंशांपर्यंतच. हजार लिटर पाण्यास हा खर्च भारी पडतो, आणि असे मिश्रण शुद्ध पाण्याहून थोडी कमी उष्णता वाहते. मोटारीत घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. ते स्वस्त दिसले तरी घेऊ नये.

पहिल्या वाटेत एक मोठे छिद्र आहे, ते विजेचे. वीज गेली की पंपही थांबतो व घरातील शेगडीचा पंखाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात हिमवादळ आले तेव्हा ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली, आणि थंडीची सवय नसलेल्या त्या प्रदेशात घराघरांतून नळ फुटले. म्हणून तापमान उतरताच दूरध्वनीवर सूचना देणारे साधन घरी बसवावे. परंतु सूचना केरीत पोहोचली तरी येथून चावी फिरविता येत नाही. त्यासाठी शेजारी हवा. त्यास किल्ली द्यावी आणि मुख्य चावी कोठे आहे ती हात धरून दाखवावी. पंपाचा आवाज कसा असतो हेही त्याच्या कानांवर घालावे. एक दिवसाआड त्याने पंपाजवळ कान देऊन यावे इतकीच विनंती करावी. आपण जसे मुंबईकरांच्या घराकडे पावसाळ्यात जाता-येता नजर टाकतो, तसेच हे.

घरातील पिण्याच्या पाण्याची मुख्य चावी मात्र खुशाल बंद करावी आणि तोट्या उघडून नळ निथळू द्यावेत. त्या बाबतीत केरीचा रिवाज तेथेही चालतो. शेगडी स्वतः गरम पाण्यावर चालणारी असेल तर तिच्या नळ्यांस हा नियम लावू नये. विमापत्र असल्यास रिकाम्या घरातील तापमानाविषयीची अट निघण्यापूर्वी वाचून घ्यावी.

इतके करूनही परतल्यावर पाणी हलत नाही असे दिसले, तर भट्टी पेटवू नये. पंप थांबवावा, उघड्या भागास उबदार हवा अथवा विजेची तापणारी दोरी लावून धीराने बर्फ वितळू द्यावा. प्लॅस्टिकच्या नळीस ज्योत दाखवू नये. पाणी वाहू लागले की प्रत्येक सांध्याखाली कोरडे फडके ठेवून एक रात्र वाट पाहावी. फडके सकाळी कोरडे निघाले तर मगच पहिले लाकूड घालावे.