नावेतील घर आणि विजेचा हिशेब

इंग्लंडच्या मध्यभागात आणि लंडन शहराच्या परिसरात पसरलेले कालव्यांचे जाळे मुख्यतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खोदण्यात आले. कोळसा, चिनी माती, धान्य यांसारखा जड माल त्यांतून वाहून नेला जाई आणि काठावरून चालणारा घोडा दोराच्या साहाय्याने नाव ओढीत असे. पाण्याची पातळी बदलण्यासाठी बांधलेली जलद्वारे अनेक ठिकाणी जेमतेम सात फूट रुंद होती. त्यामुळे या कालव्यांवरील नावही तेवढीच अरुंद, पण सत्तर फुटांपर्यंत लांब अशी घडली. पुढे आगगाडीने व त्यानंतर मोटारीने मालवाहतूक हिरावून घेतली. नावांचा आकार मात्र टिकून राहिला. आज अशा हजारो नावा लोकांची घरे झाल्या आहेत. त्यांत शेगडी, बिछाना, पुस्तकांची फळी, शीतकपाट असे सर्व काही असते. नसते ती केवळ रस्त्यावरच्या खांबावरून येणारी वीज.

यांपैकी अनेक नावांना कायमचा धक्काही नसतो. १९९५च्या ब्रिटिश कायद्यानुसार ज्या नावेला स्वतःची ठरलेली जागा नाही, तिने सतत प्रवास करीत राहावे व एका ठिकाणी सामान्यतः चौदा दिवसांहून अधिक काळ थांबू नये, असा नियम आहे. अशा नौकावासीयाला आपली वीज आपणच निर्माण करावी लागते, आपणच साठवावी लागते आणि साठवलेली वीज पुरवून पुरवून वापरावी लागते. हे काम वरवर दिसते तितके सोपे नाही. त्यातील चूक लगेच दिसून येत नाही. ती काही महिन्यांनी, बहुधा ऐन हिवाळ्यात, उघडकीस येते.

साठवणीचे साधन

नावेवर वीज साठविण्यासाठी बहुतांशी शिसे व सल्फ्यूरिक अम्ल यांची बॅटरी वापरली जाते. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये अशी पहिली बॅटरी तयार केली. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या पट्टिकांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची युक्ती शोधली आणि बॅटरीची धारणाशक्ती बरीच वाढविली. आजच्या बॅटरीची मूळ रचना तीच आहे. तिच्यात सहा घट असतात, प्रत्येकाचा विद्युत्‌दाब दोन व्होल्टांच्या किंचित वर असतो आणि सर्वांचा मिळून सुमारे बारा व्होल्ट होतो. भारतातील घराघरांत वीज गेल्यावर दिवे व पंखे चालू ठेवणारी इन्व्हर्टरची बॅटरीही बहुधा याच जातीची असते. त्यामुळे नावेवरील बॅटरीला लागू असलेले बरेचसे नियम तिलाही लागू पडतात.

बॅटरीतून वीज घेतली जाते, तेव्हा दोन्ही पट्टिकांवर लेड सल्फेटचा थर जमू लागतो आणि अम्ल पातळ होत जाते. उलट दिशेने वीज दिली की सल्फेट विरघळते व अम्ल पुन्हा तीव्र होते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील अम्लाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२७ असते. अर्धी रिकामी झाल्यावर ते १.२०च्या आसपास येते. नव्याने जमलेले सल्फेट मऊ असते व सहज विरघळते. परंतु ते दिवसेंदिवस तसेच राहू दिले, तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि पट्टिकेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

ही क्रिया समजण्यासाठी पाण्याच्या रांजणाचा दाखला पुरेसा आहे. रांजणात पाणी तयार होत नाही. ओतलेले तेवढेच परत मिळते. शिवाय तळाशी गाळ साचू दिला, तर रांजण काठोकाठ भरलेला दिसला तरी त्यात पाणी कमीच मावते. सल्फेटचे कठीण स्फटिक म्हणजे बॅटरीच्या तळाचा गाळ होय.

दिवसाचा खर्च

हिशेबाचे एकक अँपिअर-तास हे आहे. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला, तर एक अँपिअर-तास खर्च झाला. साध्या राहणीच्या दोन माणसांच्या नावेचा हिवाळ्यातील एक दिवस उदाहरणादाखल घेता येईल. बारा व्होल्टांचे शीतकपाट चालू असताना सुमारे चार अँपिअर प्रवाह घेते. दिवसभरात थांबत थांबत ते दहा तास चालले, तर चाळीस अँपिअर-तास होतात. कमी वीज घेणारे सहा दिवे संध्याकाळी सहा तास जळाले, तर नऊ होतात. पाणी खेचणाऱ्या पंपाचे तीन, लॅपटॉपचे चार तासांचे तेवीस, दूरचित्रवाणीचे आठ, डिझेलवर चालणाऱ्या उष्णतायंत्राच्या पंप-पंख्याचे चौदा आणि टेलिफोन वगैरे किरकोळ उपकरणांचे तीन. ही बेरीज शंभर होते.

या यादीत विजेची किटली नाही, हे वाचकाच्या ध्यानात आले असेल. घरातील दोन हजार वॉटची किटली बारा व्होल्टांच्या बॅटरीवर चालवायची, तर इन्व्हर्टरमधील घट धरून सुमारे एकशे ऐंशी अँपिअर इतका प्रचंड प्रवाह ओढावा लागतो. त्यातच, प्रवाह जितका जोराचा तितकी बॅटरीतून मिळणारी एकूण वीज कमी, असा नियम आहे. पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने तो १८९७ मध्ये मांडला. बॅटरीवर ११० अँपिअर-तास असे लिहिलेले असते, ते सामान्यतः वीस तासांच्या संथ वापरास अनुलक्षून असते. साडेपाच अँपिअरचा प्रवाह ती वीस तास देईल. पन्नास अँपिअरचा प्रवाह मात्र दोन तास दहा मिनिटे न टिकता त्याच्या आतच संपेल. म्हणून जाणते नौकावासी चहाचे पाणी गॅसवर किंवा कोळशाच्या शेगडीवर ठेवतात. उष्णता निर्माण करणे हे बॅटरीचे काम नव्हे, हा येथील पहिला धडा आहे.

अशा चार बॅटऱ्या समांतर जोडल्या, तर ४४० अँपिअर-तासांचा साठा होतो. पण शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, असा संकेत आहे. तेव्हा वापरण्याजोगा साठा २२० अँपिअर-तास उरतो. शिवाय पाणी गोठण्याइतक्या थंडीत बॅटरीची धारणाशक्ती सुमारे एक पंचमांशाने घटते. इंजिन सुरू करणारी बॅटरी या साठ्यापासून नेहमी अलग ठेवली जाते. रात्री दिवे विझले तरी सकाळी इंजिन सुरू झाले पाहिजे, हा त्यामागील हेतू आहे.

भरपाईतील खरी अडचण

शंभर अँपिअर-तास खर्च झाले आणि इंजिनाला जोडलेला अल्टरनेटर सत्तर अँपिअरचा आहे, तर दीड तासात भरपाई होईल, असे कोणासही वाटेल. नवख्या नौकावासीयाची फसगत नेमकी येथे होते.

रिकामी बॅटरी प्रारंभी वीज भराभर ग्रहण करते. पहिल्या तासात पन्नासएक अँपिअर-तास तरी परत येतात. या पहिल्या टप्प्यात विद्युत्‌दाब चढत चढत सुमारे १४.४ व्होल्टांवर पोहोचतो. त्यानंतरच्या दुसऱ्या टप्प्यात दाब तेवढाच राहतो, पण बॅटरी घेत असलेला प्रवाह मात्र उतरू लागतो. तो पन्नासाचा तीस, तिसाचा पंधरा, पंधराचा आठ होतो. रसायनक्रिया पट्टिकांच्या अंतर्भागात पोहोचण्यास वेळ लागतो आणि अल्टरनेटर मोठा बसविला म्हणून तो वेळ कमी होत नाही. भरणाचा पहिला अर्धा भाग एका तासात होतो, तर उरलेल्यास चार तास किंवा त्याहून अधिक लागतात. शिवाय शंभर घेतले म्हणून शंभर देऊन भागत नाही; काही वीज क्रियेतच वाया जात असल्याने एकशे पंधराच्या आसपास द्यावे लागतात.

इंजिन नुसते चालू ठेवले, तरी तासाला एक ते दीड लिटर डिझेल जळते. शिवाय शेजारच्या नावांना त्रास होऊ नये म्हणून उभ्या नावेचे इंजिन रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात चालवू नये, असा कालव्यांवरील दंडक आहे. साहजिकच अनेक जण रोज दोन तास इंजिन चालवून ते बंद करतात. बॅटरी नव्वद टक्क्यांपर्यंत भरलेली असते आणि कामही अडत नाही. परंतु उरलेल्या दहा टक्क्यांचे सल्फेट पट्टिकांवर तसेच राहते. ते दुसऱ्या दिवशी राहते, तिसऱ्या दिवशी राहते, आणि हळूहळू त्याचा गाळ बनतो. नोव्हेंबरमध्ये ४४० अँपिअर-तास धारण करणाऱ्या बॅटऱ्या फेब्रुवारीत त्याच्या निम्मेही धारण करीत नाहीत. पहाटे शीतकपाट बंद पडते, उष्णतायंत्राचा पंखा थांबतो आणि कडाक्याच्या थंडीत घर गारठते.

अशा वेळी दोष बहुधा शीतकपाटाला दिला जातो, किंवा आणखी दोन बॅटऱ्या विकत आणल्या जातात. हा उपाय रोग वाढविणारा आहे. भरण्याचे साधन तेवढेच ठेवून रांजण मोठा केला, तर तो काठापर्यंत भरण्याची शक्यता आणखी कमी होते. त्यातही जुन्या, खराब झालेल्या बॅटरीशेजारी नवी जोडली, तर जुनी नवीलाही आपल्याबरोबर खाली ओढते.

साठा मोजण्याची रीत

बॅटरी भरली की नाही हे कसे ओळखावे? विद्युत्‌दाब पाहून अंदाज करता येतो, पण तो बॅटरी काही तास विसावल्यानंतरच विश्वसनीय असतो. विसावलेल्या बॅटरीचा दाब १२.७ व्होल्ट असेल तर ती भरलेली, १२.२ असेल तर निम्मी रिकामी समजावी. इंजिन बंद केल्याबरोबर घेतलेले वाचन नेहमी वाजवीपेक्षा अधिक येते. आत येणारी व बाहेर जाणारी वीज मोजून टक्केवारी दाखविणारी यंत्रेही मिळतात. परंतु बॅटरीची धारणाशक्ती घटल्याचे त्यांना आपोआप कळतेच असे नाही. ४४० हा जुनाच आकडा धरून ती शांतपणे चुकीची टक्केवारी दाखवीत राहतात.

सर्वांत खात्रीची खूण प्रवाहाची आहे. दाब १४.४ व्होल्टांवर असताना बॅटरी घेत असलेला प्रवाह तिच्या एकूण धारणाशक्तीच्या एक ते दोन टक्क्यांवर उतरला आणि तेथेच स्थिरावला, की ती भरली असे मानावे. चारशे चाळीस अँपिअर-तासांच्या साठ्यासाठी हा आकडा चार ते नऊ अँपिअर येतो.

सूर्य आणि ऋतू

छतावरील सौर पट्टिका हा नौकावासीयाचा मोठाच आधार आहे. मात्र लंडनच्या अक्षांशावर ऋतूंमधील अंतर फार असते. जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो व मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून बासष्ट अंश वर येतो. डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम आठ तासांचा असून सूर्य पंधरा अंशांवरच थबकतो. छतावर सपाट ठेवलेल्या ४०० वॉटच्या पट्टिका जूनमधील एखाद्या दिवशी सुमारे १२० अँपिअर-तास देतात. डिसेंबरमध्ये त्या केवळ दहा-बारा देतात. उन्हाळ्यात ज्याला इंजिनाची आठवणही होत नाही, त्यालाच हिवाळ्यात त्यावाचून गत्यंतर नसते.

या दोन साधनांचा मेळ घालण्याची एक उत्तम रीत आहे. इंजिन सकाळी चालवावे. पहिल्या टप्प्यातील जोराचा प्रवाह त्याने द्यावा आणि नंतरचा मंद, वेळखाऊ टप्पा दिवसभर सूर्यावर सोपवावा. संध्याकाळी इंजिन चालविले, तर पाठोपाठ रात्र येते व टप्पा अपुरा राहतो. ऊन अगदीच नसेल, तर कपडे धुण्याचे यंत्र इंजिन चालू असतानाच लावणे, नाव हलविण्याचा दिवस साधून सलग पाच-सहा तास प्रवास करणे आणि आठवड्यातून निदान एकदा बॅटरी पूर्ण भरणे, हे पथ्य पाळावे लागते. काही जण महिन्यातून एखादी रात्र धक्क्यावर काढून तेथील विजेवर बॅटऱ्या काठोकाठ भरून घेतात.

पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या जनित्राबाबत मात्र विशेष सावधगिरी हवी. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो, आणि नावेची बंदिस्त खोली त्याने अल्पावधीत भरते. जनित्र नावेत किंवा उघड्या दाराखिडकीजवळ कधीही चालवू नये. एप्रिल २०१९ पासून ब्रिटनमधील सुरक्षा-तपासणीत नावेवर या वायूची सूचना देणारी घंटा असणे आवश्यक ठरविण्यात आले आहे. शिशाच्या बॅटरीतून भरणाच्या अखेरीस हायड्रोजन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरीच्या कप्प्याला वारा मोकळा हवा. झाकण असलेल्या बॅटरीत ऊर्ध्वपातित पाण्याची पातळीही वेळच्या वेळी पाहावी.

नवी बॅटरी, जुना हिशेब

अलीकडे अनेक नावांवर लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या दिसू लागल्या आहेत. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांनी पाढी व नंजुंदस्वामी या मूळच्या भारतीय संशोधकांसह केलेले या पदार्थाचे संशोधन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. या बॅटरीतील सुमारे ऐंशी टक्के वीज निर्धास्तपणे वापरता येते, ती जवळजवळ अखेरपर्यंत वेगाने भरते आणि अर्धवट भरलेली राहिली तरी तिला अपाय होत नाही. गाळाचा प्रश्न तिने सोडविला आहे. परंतु शून्य अंशाखालील थंडीत तिला वीज देऊ नये, कारण त्याने ती कायमची बिघडते. शिवाय ती इतका प्रवाह ओढते की, योग्य नियंत्रण नसल्यास साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो. आणि डिसेंबरचा सूर्य तिच्यासाठीही पंधरा अंशांहून वर येत नाही. खर्चाच्या शंभर अँपिअर-तासांची भरपाई कोठून करावयाची, हा प्रश्न तिच्या मालकापुढेही तसाच उभा राहतो.

भिंतीवरची कळ दाबताच वीज मिळते, त्या घरात विजेचा विचार महिन्याकाठी बिल आल्यावर होतो. नावेत तो रोज होतो. तेथील अनुभवी माणूस सकाळी उठल्यावर प्रथम मापकाकडे पाहतो, मग आकाशाकडे, आणि मगच इंजिनाच्या किल्लीकडे हात नेतो. काल किती घेतले एवढेच तो विचारीत नाही. घेतलेले सर्व परत गेले की नाही, हे तो पाहतो. बॅटरीचे आयुष्य या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असते.