पिंजऱ्यातला विठू

आपला सोलापूर जिल्हा ज्वारीचा. कणसात दाणा भरू लागला की पोपटांचे थवे शिवारात उतरतात. राखणदार माळ्यावर उभा राहून हाळी देतो, गोफण फिरवतो. थवा उठतो आणि पलीकडच्या रानात जाऊन बसतो. पोपट पिकाचे नुकसान करतो, हे खरे. त्याला हाकलावे लागते.

पण त्याच पोपटाचे पिल्लू बाजारात दिसले की आपण कौतुकाने थांबतो. पोरे हट्ट धरतात. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, आणि पोपटालाही आपण विठूच म्हणतो. चार पैसे देऊन विठूला घरी आणतो.

हे पिल्लू आले कुठून, ते पाहू.

पोपट काड्यांचे घरटे बांधत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत मादी तीन-चार अंडी घालते. सुमारे तीन आठवड्यांनी पिल्ले निघतात. अंगावर पीस नसते, डोळे मिटलेले असतात. पुढे सहा-सात आठवडे आईबाप त्यांना भरवतात. मग ती उडू लागतात. पिल्ले धरणारा त्याआधीच ढोलीत हात घालतो. हात जात नसेल तर ढोलीचे तोंड फोडतो. मग पुढच्या साली तिथे कुठलेच पाखरू राहत नाही. पिल्ले टोपलीत, पोत्यात कोंबून दूर नेतात. गर्दीने, भुकेने, उन्हाने कितीतरी वाटेतच मरतात. बाजारात दिसतो तो वाचलेला. मेलेले आपल्याला कोण दाखवणार?

पोपट हे थव्याचे पाखरू. पिंजऱ्यात त्याला पंखसुद्धा नीट पसरता येत नाहीत. वर ते पंखही कातरतात. मिरची आणि डाळ दिली की झाले, असे आपल्याला वाटते. मिरची त्याला झोंबत नाही, पण तेवढ्यावर त्याचे पोषण होत नाही. एकटेपणाने काही पोपट स्वतःचीच पिसे उपटतात. असा पोपट वीस वीस वर्षे जगतो. म्हणजे गुन्हा काही नाही आणि तुरुंग वीस वर्षांचा!

कुणी म्हणेल, "तो आमच्याशी बोलतो. सुखीच आहे की!" अहो, रानात तो आपल्या थव्याशी बोलतो. इथे थवा नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

कुणी म्हणेल, "आम्ही विकत घेऊन सोडून देतो. तेवढंच पुण्य." हेतू चांगला आहे. पण विकणाऱ्याच्या हाती पैसा पडला की तो पुन्हा ढोलीकडे वळतो. एक सुटतो, दुसरा धरला जातो. विकत न घेणे हीच खरी दया, असे आम्हाला वाटते.

आता कायदा काय सांगतो? 1972 साली वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. 2022 साली त्यात दुरुस्ती झाली. आपला देशी पोपट धरणे, विकणे, विकत घेणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. त्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दुकानात लव्हबर्ड म्हणून लहान रंगीत पाखरे मिळतात. त्यांतली पुष्कळशी मूळ ऑस्ट्रेलियातल्या जातीची. त्यांची पैदास पिंजऱ्यातच होते. ती पाळायला बंदी नाही. पण त्यांनाही ऊन लागते, तहान लागते. उडायला जागा नसेल तर ती आणू नयेत. घरी असतील तर मोठा पिंजरा, सावली, रोज ताजे पाणी द्यावे. त्यांना बाहेर सोडू नये. इथल्या रानात चारा शोधणे त्यांना ठाऊक नसते.

घरी पोपट असेल तर काय करावे? त्यालाही एकदम सोडू नये. कातरल्या पंखांनी तो उडू शकत नाही. कावळे आणि मांजरे त्याला मारतात. वनखात्याला 1926 या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत. पोपट त्यांच्या हवाली करावा. पिल्ले धरणारा कुणी दिसला तरी हाच फोन करावा.

आणि गावातली जुनी ढोलीची झाडे राखावीत. पोरांना विठू दाखवायचा असेल तर त्या झाडाखाली न्यावे. तो तिथेही बोलतो.

प्रश्न
1. पोपट अंडी कोठे घालतो?
2. पोपट विकत घेऊन सोडून दिला, तर नुकसान कसे होते?
3. तुमच्या गावात ढोलीची झाडे किती आहेत? मोजा व लिहा.