फीत आणि तबकडी : माहितीच्या राखीव प्रती

बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड ही वसाहत आहे. १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांना शेतीसाठी दिलेल्या या जमिनीभोवती १९९० नंतर संगणक-उद्योगाच्या इमारती उभ्या राहिल्या. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यातील अतिवृष्टीत या बाजूचे रस्ते आणि अनेक तळघरे पाण्याखाली गेली. मुंबईकरांना हा अनुभव नवा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा वेळी संगणकातील माहितीची दुसरी प्रत कोठे आहे आणि ती कशावर उतरविली आहे, हा प्रश्न साधा राहत नाही.

राखीव प्रत ठेवण्याची दोन प्रमुख साधने आहेत : चुंबकीय फीत आणि चुंबकीय तबकडी. पहिली १९५२ च्या सुमारास संगणकाला जोडली गेली, दुसरी १९५६ मध्ये. तबकडी अखंड फिरत असते आणि वाचक-शीर्ष काही सहस्रांश सेकंदांत हव्या त्या वर्तुळावर पोहोचते. फितीचे तसे नाही. शेवटच्या टोकाची नोंद हवी असेल, तर तेथपर्यंत फीत गुंडाळत जावे लागते. 'एलटीओ' पद्धतीच्या नवव्या पिढीतील (२०२१) एका डबीत एक किलोमीटरहून थोडी अधिक लांबीची फीत असते; तिच्यावर १८ टेराबाइट, म्हणजे अठरा लाख कोटी बाइट, मावतात. ती सेकंदाला ४०० मेगाबाइट या वेगाने भरली, तरी साडेबारा तास लागतात.

मग तबकडीच श्रेष्ठ नव्हे काय? रोजच्या कामात हरवलेली एखादी फाइल परत मिळवायची असेल, तर निःसंशय होय. परंतु एकाच वेळी दोन तबकड्यांवर लिहिणे म्हणजे राखीव प्रत ठेवणे, ही समजूत घातक आहे. आरशात प्रतिमा हुबेहूब उमटते, तशी पुसून टाकण्याची आज्ञाही दोन्हीकडे उमटते. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांची पत्रे अशीच नाहीशी झाली. आज्ञावलीतील दोषामुळे निरनिराळ्या केंद्रांतील प्रतीही गेल्या; वाचल्या त्या यंत्रापासून अलग असलेल्या फितींवरील. त्या परत उतरविण्यास मात्र वेळ लागला.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर नोव्हेंबर २०२२ मध्ये खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि रुग्णांची नोंदणी कित्येक दिवस हाताने करावी लागली. झळ न लागलेल्या एका राखीव सर्व्हरवरून माहिती परत मिळाली. म्हणजे तबकडीही तारू शकते. पण ती हल्लेखोराच्या हाताबाहेर असली तरच. फीत कपाटात ठेवली की हे अंतर आपोआप पडते.

फितीचे भक्त तिचे दोष क्वचितच सांगतात. तिला कोरडी, थंड जागा लागते. जुन्या फितींचे लेपद्रव्य दमट हवेत चिकट होऊन त्या निरुपयोगी झाल्याची उदाहरणे आहेत. शिवाय फीत तीस वर्षे टिकेल, पण ती वाचणारे यंत्र मिळेल काय? नवव्या पिढीचे यंत्र आठव्या पिढीची फीत वाचते, सातवीची नाही. म्हणून दर काही वर्षांनी जुनी माहिती नव्या फितींवर उतरवून घ्यावी लागते. यंत्र महाग, डबी स्वस्त, असा हा हिशेब असल्याने थोडी माहिती बाळगणाऱ्या छोट्या पतपेढीला फितीचा खटाटोप परवडणार नाही. तिने दोन-तीन सुट्या तबकड्या आळीपाळीने वापरून, त्यांतील एक दुसऱ्या गावी ठेवावी.

प्रचंड माहितीचे गणित निराळे आहे. वरील प्रकारच्या पन्नास डब्यांत ९०० टेराबाइट मावतात. त्यांचे वजन दहा-बारा किलो भरेल. हीच माहिती सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेणाऱ्या तारेने पाठविली, तर त्र्याऐंशी दिवस लागतील. बंगळूरहून मुंबईस जाणारी उद्यान एक्सप्रेस सुमारे एका दिवसात पोहोचते. अर्थात तेथे एकच वाचकयंत्र असेल, तर सगळ्या डब्या वाचून होण्यास आणखी सव्वीस दिवस लागतील. दहा यंत्रे असली, तर अडीच दिवसांहून थोडे अधिक.