अंतराळयानाची सावली

‘झाडाची सावली’, ‘घराची सावली’ असे शब्द रोजच्या बोलण्यात येत असल्यामुळे सावली ही त्या वस्तूच्याच मालकीची असते, असा समज होतो. वस्तुतः सावली निर्माण होण्यास तीन गोष्टी लागतात: प्रकाश देणारा स्रोत, प्रकाश अडवणारी वस्तू आणि सावली झेलणारा पृष्ठभाग. यांपैकी एक हलली तरी सावली बदलते. एक नाहीशी झाली तर सावली उरतच नाही. संगणकावरील व्यूहरचनेच्या खेळासाठी अंतराळयानाचे चित्र काढणाऱ्याला हाच साधा नियम सर्वांत अधिक उपयोगी पडतो, आणि त्याच्या बहुतेक चुका हा नियम विसरल्यामुळे होतात.

व्यूहरचनेचा खेळ हा बुद्धिबळाचा दूरचा नातेवाईक होय. खेळणारा पटाकडे वरून, थोड्या तिरकस नजरेने पाहतो आणि आपल्या ताफ्याला हुकूम देतो. 1962 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार झाला, तेव्हा त्यातील याने म्हणजे काळ्या पडद्यावरील प्रकाशाच्या आकृत्या होत्या. सावलीचा प्रश्नच नव्हता. पुढे चित्रे भरीव झाली आणि काही खेळांत खेळणाऱ्यांना स्वतः काढलेली याने घालता येऊ लागली. अंगठ्याच्या नखाएवढ्या त्या चित्रावरून यान कोणते, त्याचे तोंड कोणीकडे आणि ते जमिनीवर आहे की अधांतरी, हे क्षणात कळावे लागते. सावली नीट असेल तर ते कळते. चुकली तर तीच डोळ्याला फसवते.

धुरांड्याचा धडा

सावलीचा अभ्यास करण्यास छत्तीसगडमधील भिलाई हे गाव फार सोयीचे आहे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याच्या उंच धुरांड्यांवर उन्हातील सावलीचे सारे नियम मोठ्या प्रमाणावर पाहता येतात.

भिलाई सुमारे 21.2 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 21 डिसेंबरच्या सुमारास मध्यान्ही तेथे सूर्य क्षितिजापासून सुमारे 45 अंशांवर असतो. त्यामुळे 1 मीटर उंचीच्या काठीची सावली जवळजवळ 1 मीटरच पडते, आणि ती उत्तरेकडे पडते. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास सूर्य थेट डोक्यावर येतो; काठीची सावली तिच्या पायाशी लोपते. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो. 21 जूनला त्याच काठीची सावली दक्षिणेकडे पडते, पण तिची लांबी जेमतेम 4 सेंटिमीटर असते. काठी एकच, गाव एकच. प्रकाशाचा कोन बदलताच सावली वेगळी झाली.

दुसरा धडा सावलीच्या कडेचा आहे. सूर्य हा बिंदू नसून आकाशातील सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे. म्हणून गडद प्रच्छायेभोवती पुसट उपच्छायेची किनार असते. वस्तू आणि पृष्ठभाग यांच्यातील अंतराच्या सुमारे एकशेआठाव्या भागाइतकी ती किनार रुंद होते. डिसेंबरातील दुपारी 100 मीटर उंचीच्या धुरांड्याच्या टोकापासून जमिनीवरील सावलीपर्यंत किरणाला सुमारे 140 मीटर जावे लागते. तेथे सावलीची कड सव्वा मीटरहून थोडी अधिक रुंदीत विरलेली दिसते. धुरांड्याच्या पायाशी मात्र तीच कड सुरीने कापल्यासारखी रेखीव असते. चित्रकाराने यावरून घ्यावयाचा बोध असा की, जवळच्या वस्तूची सावली रेखीव आणि दूरच्या वस्तूची सावली मऊ काढावी.

उजेड कोणत्या बाजूने?

हिवाळ्यातील भिलाईचा नकाशा उत्तर दिशा वर ठेवून, मध्यान्हीच्या खऱ्या उन्हाप्रमाणे छायांकित केला, तर उजेड कागदाच्या खालच्या बाजूने येईल. असे केल्यास एक विचित्र गोष्ट घडते: पुष्कळ पाहणाऱ्यांना टेकड्या खड्ड्यांसारख्या आणि खड्डे टेकड्यांसारखे दिसू लागतात. उजेड वरून आणि एकाच स्रोतातून येतो, असे मानवी दृष्टी गृहीत धरते, व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले. नकाशे काढणाऱ्यांनी म्हणूनच उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून, म्हणजे वायव्येकडून, येतो असा संकेत पाळला. खेळाच्या पटालाही हाच संकेत मानवतो. यानाची वरची डावी बाजू उजळ आणि खालची उजवी बाजू गडद असावी.

याच ठिकाणी सर्वांत मोठी चूक होते. खेळात यान साधारणपणे आठ दिशांना वळते. चित्र एकदाच काढून ते आठ वेळा फिरवण्याचा मोह होतो. तसे केल्यास यानाबरोबर त्याच्यावरचे ऊनही फिरते. पाच दिशांना तोंडे केलेली पाच याने शेजारीशेजारी उभी राहिली की एकाच आकाशात पाच सूर्य असल्याचा भास होतो. वळते ते यान. सूर्य आपल्या जागीच असतो. म्हणून प्रत्येक दिशेचे छायांकन नव्याने करावे लागते. त्याला पर्याय नाही.

अवकाशात सावली झेलणार कोण?

रणगाडे आणि विमाने यांच्या खेळांतून आलेली आणखी एक सवय म्हणजे यानाखाली काळसर डाग काढण्याची. पण मोकळ्या अवकाशात सावली झेलणारा पृष्ठभागच नसतो. खाली ग्रह असला, तरी उत्तर सहसा बदलत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची सर्वांत मोठी बाजू सुमारे 109 मीटर आहे. सूर्यप्रकाशात कोणत्याही वस्तूची प्रच्छाया तिच्या रुंदीच्या सुमारे 108 पट अंतरावर संपते. म्हणजे स्थानकाची प्रच्छाया फार तर 12 किलोमीटर जाईल. पृथ्वी त्याच्या सुमारे 400 किलोमीटर खाली आहे. तेव्हा ग्रहाच्या गोलावर पडलेली यानाची काळीभोर सावली हे चित्र असत्य ठरते.

यान जमिनीवर उतरले की तिसरी गोष्ट परत येते. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 चंद्राच्या सुमारे 69 अंश दक्षिण अक्षांशावर उतरले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या पहिल्या छायाचित्रांपैकी एकात यानाचा एक पाय आणि त्याची सावली दिसते. तेथे मध्यान्हीही सावली वस्तूच्या उंचीच्या सुमारे अडीचपट लांब पडते. चंद्रभूमीवरील प्रसंग रंगवणाऱ्याने यानाखाली गोल डाग न काढता लांब, एका बाजूस ताणलेली सावली काढावी.

यानाच्या एका भागाची दुसऱ्या भागावर पडणारी सावली मात्र अवकाशातही खरीच असते. पंखाची सावली धडावर पडते, बुरुजाची पाठीवर पडते. अंतर पाच मीटरांचे असेल तर तिची किनार पाच सेंटिमीटरांहून कमी, म्हणजे चित्रात अगदी रेखीव दिसेल. ती कोठे पडेल हे ठरवण्याची युक्ती लान्स विल्यम्स यांनी 1978 साली संगणकासाठी मांडली आणि ती हाताने काढणाऱ्यालाही वापरता येते: दिव्याच्या जागी आपला डोळा आहे असे समजावे. त्या डोळ्याला जो भाग दिसत नाही, तो सावलीत आहे.

काळोखाचे प्रमाण

भिलाईतील धुरांड्याची सावली पूर्ण काळी नसते, कारण निळे आकाश तिच्यात थोडा उजेड ओतत असते. अवकाशात असे आकाश नाही. तरीही तेथील सावली प्रत्येक वेळी काळीकुट्ट असते असे नाही. 1969 मध्ये अपोलो-11 च्या चांद्रयानाच्या छायेतून उतरणारा अंतराळवीर छायाचित्रांत स्पष्ट दिसतो. उन्हात उजळलेल्या चंद्रभूमीने परतवलेला प्रकाश त्याच्यावर पडला होता. रात्री झोतभट्टीतून तप्त लोखंड वाहू लागते, तेव्हा तांबूस उजेड खालून येतो आणि माणसांच्या सावल्या भिंतींवर व छताकडे चढतात. यानाच्या मागील ज्वाळेलाही हाच न्याय लावावा.

याचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. छायेतील बाजू पूर्ण काळी केली तर ती काळ्या आकाशात मिसळून जाते आणि यान अर्धे कापल्यासारखे दिसते. त्या बाजूस ग्रहाचा परावर्तित प्रकाश कल्पून तिची कड किंचित उजळ ठेवावी.

पटावर पडणारी सावली, जेथे ती हवीच असेल तेथे, यानाच्या चित्रापासून वेगळी ठेवावी. ‘सिव्हिलायझेशन 3’ या 2001 सालच्या खेळात 256 रंगांच्या पट्टिकेतील शेवटची काही स्थाने सावली, धूर आणि पारदर्शकता यांसाठी राखून ठेवलेली होती. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 साली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक चित्रबिंदूला तीन रंगांबरोबर अपारदर्शकतेचा चौथा आकडा मिळतो. सावलीसाठी हीच पद्धत अधिक चांगली, कारण तीमुळे खालची वाळू, खडक वा पाणी सावलीतूनही दिसत राहते. पांढऱ्या कागदावर राखाडी सावली रंगवून मागाहून पांढरा रंग काढून टाकला, तर कडेला फिकट झालर राहते आणि गडद पटावर ती लगेच उघडी पडते.

करून पाहावयाचा प्रयोग

पुठ्ठ्याचे एक लहान यान करावे आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी बारा वाजता ते गच्चीवर ठेवावे. भिलाईत त्या दिवसांत घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा यांत दोन-तीन मिनिटांचेच अंतर असते. नैर्ऋत्येकडे तोंड करून उभे राहावे, म्हणजे ऊन समोरून डाव्या बाजूने येईल. मग जागा न सोडता यान आठ दिशांना फिरवावे आणि प्रत्येक वेळी उजळ बाजू, गडद बाजू व जमिनीवरील सावली यांची आकृती काढावी. आठही आकृत्यांत यान वेगळे दिसेल, उजळ भागही वेगळा असेल. पण जमिनीवरील सावली दर वेळी पाहणाऱ्याकडे, त्याच्या उजव्या हाताच्या बाजूसच पडलेली आढळेल. या आठ आकृत्या समोर ठेवून काढलेला ताफा पटावर एकाच सूर्याखाली उभा राहतो.