हुंडीपासून हातातील पेढीपर्यंत

इ.स. १८५७ मध्ये पेणजवळील वरसई गावचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांसह उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासास निघाले. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कोकणापर्यंत पोहोचली होती. दक्षिणा मिळवावी आणि कर्ज फेडावे, एवढाच त्यांचा हेतू होता. प्रत्यक्षात ते बंडाच्या वणव्यात सापडले, झाशीस राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला राहिले आणि एप्रिल १८५८ मध्ये शहर इंग्रजांच्या हाती पडल्यावर झालेल्या लुटीत त्यांनी मिळविलेले द्रव्य गेले. १९०७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ मराठी वाचकांस सुपरिचित आहे. बँकिंगच्या अभ्यासकास मात्र त्यात आणखी एक धडा दिसतो. पैसा माणसाबरोबर चालत असेल, तर माणसावर आलेले संकट पैशावरही येते.

नेवाळकरांच्या काळापासून झाशीत स्थायिक झालेली मराठी घराणी, तेथील महाराष्ट्र गणेश मंदिर आणि रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे यांमुळे या शहराचे महाराष्ट्राशी नाते टिकून आहे. आज पुण्यात नोकरी करणारी एखादी कन्या झाशीतील आपल्या वडिलांच्या खात्यात काही क्षणांत रक्कम जमा करते. वाटेत ना घाट लागतो, ना लुटारू. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्यात ग्राहकाच्या वाट्यास कोणती नवी जबाबदारी आली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पैशाचा निरोप झाला

पैसा प्रत्यक्ष न नेता केवळ त्याविषयीचा निरोप न्यावा, ही कल्पना भारतास नवी नाही. सावकारी पेढ्यांची हुंडी म्हणजे असा निरोपच होता. ‘दर्शनी’ हुंडी दाखविताच पैसे मिळत. ‘मुद्दती’ हुंडीचे ठरलेल्या मुदतीनंतर. ‘शाहजोग’ हुंडीची रक्कम तर बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यासच दिली जाई. हुंडी चुकीच्या हाती पडली, तरी पैसे कोणी उचलले याचा माग लागावा, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे निरोपाबरोबरच निरोप आणणाऱ्याची ओळख पटविणे हाही व्यवहाराचा भाग होता, आणि ते काम पेढीवरचा अनुभवी मुनीम करीत असे.

पुढे १८८० पासून टपाल खात्याची मनीऑर्डर आली, बँकांमध्ये तारेने रक्कम पाठविण्याची पद्धत रूढ झाली. साधने बदलली, तत्त्व तेच राहिले. ओळख पटविणारा मनुष्य पूर्वी पेढीच्या गादीवर असे. आता तो पोस्टमन वा बँकेच्या काउंटरवरील लिपिक झाला.

आंतरजाल : वाचनाकडून व्यवहाराकडे

इंटरनेट आणि वेब हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. पण त्यांत भेद आहे. इंटरनेट हा संगणकांना जोडणारा रस्ता आहे, तर वेब ही त्या रस्त्यावरील, परस्परांशी दुव्यांनी बांधलेल्या पानांची वसाहत. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये त्या संस्थेने हे तंत्रज्ञान सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली.

आरंभी संकेतस्थळ हे माहितीपत्रकासारखे होते. ग्राहकाने वाचावे आणि शाखेत यावे. पुढे वाचकच मजकूर लिहू लागला, खरेदी करू लागला, खाते पाहू लागला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० या कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींना वैधता दिली. मार्च २००४ मध्ये आरटीजीएस आणि नोव्हेंबर २००५ मध्ये एनईएफटी या सेवा सुरू झाल्या. त्यांनाही प्रारंभी वेळेची मर्यादा होती. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू झाली. बँकेचा दरवाजा बंद असला तरी बँक बंद नसते, ही स्थिती तेव्हा खऱ्या अर्थाने आली.

भ्रमणध्वनीची झेप

योगायोग असा, की भारतातील पहिला मोबाइल संवादही १९९५ सालचाच. ३१ जुलै रोजी कोलकात्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीतील केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी तो केला. त्या काळी बाहेरून आलेल्या कॉललाही पैसे पडत. पुढे लघुसंदेश आला, आणि २००७ मध्ये केनियातील ‘एम-पेसा’ या सेवेने साध्या हँडसेटवरूनही पैसे पाठविता येतात हे जगास दाखवून दिले. ऑक्टोबर २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने मोबाइल बँकिंगविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. नोव्हेंबर २०१० मध्ये तत्काळ रक्कम पाठविणारी आयएमपीएस सेवा आली आणि एप्रिल २०१६ मध्ये तिच्याच पायावर युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस, म्हणजे यूपीआय, उभी राहिली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरील व्यवहारांच्या संख्येने २,००० कोटींचा टप्पा ओलांडला.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ ही सोय करण्यात आली. तंत्रज्ञानाची प्रगती केवळ नव्या यंत्रांवरून मोजावयाची नसते. जुने यंत्र वापरणाराही तीत सामावला जातो की नाही, ही तिची खरी कसोटी होय.

ओळख कोण पटवितो?

यूपीआयच्या व्यवहारात ग्राहकाची ओळख दोन गोष्टींवरून पटते. पहिली, त्याच्याजवळील वस्तू. नोंदणीच्या वेळी मोबाइलमधून एक संदेश बँकेकडे जातो आणि ते सिमकार्ड व तो हँडसेट खात्याशी बांधले जातात. दुसरी, त्यालाच ठाऊक असलेला गुप्त क्रमांक, म्हणजे पिन. पिन टाकताच तो सांकेतिक रूपात बँकेकडे जातो, बँक खात्यातून रक्कम वजा करते, समोरच्याची बँक ती जमा करते आणि दोघांना निरोप मिळतो.

येथेच मूळ मुद्दा येतो. या व्यवस्थेत पैसे देणारा कोण, हे यंत्र अचूक ओळखते. परंतु पैसे घेणारा विश्वासास पात्र आहे का, हे यंत्र सांगू शकत नाही. पूर्वी मुनीम वा लिपिक ‘हे गृहस्थ कोण?’ असे विचारीत असे. तो प्रश्न आता ग्राहकाने स्वतःलाच विचारावयाचा आहे. मुनीम गेला, पण मुनिमाचे काम संपलेले नाही, ते ग्राहकाच्या हाती आले आहे.

म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक कुटुंबात, विशेषतः ज्येष्ठांना, समजावून सांगितल्या पाहिजेत :

१. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘रक्कम मिळण्यासाठी पिन टाका’ असे सांगणारा फसवीत आहे, हे निश्चित समजावे. व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागण्याची सोय गैरवापरामुळेच ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली.

२. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर उमटलेले नाव वाचावे. तो एक क्षण म्हणजेच जुन्या पेढीवरील मुनिमाची नजर.

३. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता पाहावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नामक्षेत्रात येण्यास ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. संदेशातील अनोळखी दुव्यावरून खाते उघडू नये.

४. फसवणूक झाल्यास संकोचाने गप्प बसू नये. तत्क्षणी बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

चौथ्या सूचनेमागे आर्थिक कारणही आहे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या दायित्वाची तत्त्वे स्पष्ट केली. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून यंत्रणेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याचे दायित्व शून्य. त्याने स्वतःच गुप्त माहिती उघड केली असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे; कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे लाजेपायी घालविलेल्या प्रत्येक तासाचे मोल ग्राहकच मोजतो. शाखेतील कर्मचाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे, की फसवणूक झालेला ग्राहक समोर येतो तेव्हा त्यास प्रथम उपदेश नव्हे, तर तत्पर नोंद हवी असते.

समारोप

विष्णुभटांचा पैसा लुटीत गेला, तेव्हा त्यांच्या हाती काहीही नव्हते. प्राण वाचविणे हेच मोठे होते. आजच्या ग्राहकाची स्थिती तशी नाही. त्याच्या पैशाभोवती सांकेतिक लिपीची तटबंदी आहे, तीस कायद्याचा आधार आहे. परंतु कोणत्याही किल्ल्याचा दरवाजा आतून उघडला, तर तट कितीही भक्कम असून उपयोग नसतो. त्या दरवाजाची किल्ली म्हणजे तो चार वा सहा आकड्यांचा पिन, आणि ती आता सर्वस्वी ग्राहकाच्या मुठीत आहे. मूठ झाकलेली राहिली, तर पुण्याहून निघालेला पैसा झाशीस सुखरूप पोहोचेल.